लोटन आप्पांचा लाल दोरा

लोटन आप्पांना अंतर विचारलं तर ते किलोमीटरमध्ये सांगत नसत, ताक्यांमध्ये सांगत. "पांडेसरा? तीस ताके. रिक्षावाल्यानं जास्त सांगितलं तर माझं नाव सांगा." रिक्षावाल्याला त्यांचं नाव सांगून काय फरक पडणार होता, हे मला आजवर कळलेलं नाही.

आप्पा बमरोलीतल्या एका कापडाच्या कारखान्यात चेकिंगला होते. लूमवरून उतरलेलं कापड उजेडाच्या टेबलावरून सरकत जायचं आणि आप्पा त्यावर वाकून बसायचे. शंभर मीटर कापडाचा एक ताका. तार तुटलेली दिसली, गाठ आली, तेलाचा डाग पडला, की त्या जागी किनारीला लाल दोरा बांधायचा. एकही दोरा नसलेला माल फ्रेश, दोरा असलेला माल सेकंड. एकदा आप्पांनी सेकंड म्हटलं की शेठ स्वतः येऊन उभा राहिला तरी दोरा सुटायचा नाही. वीस वर्षांत आपण एकही निकाल फिरवला नाही, हे ते दिवसातून एकदा तरी सांगत.

आमच्या ओळखीचं कारण माझं पोट. मी तेव्हा जवळच्याच मराठी शाळेत शिक्षक होतो. डॉक्टरांनी मला रोज धावायला सांगितलं होतं, आणि मी रोज उद्यापासून धावायचं ठरवत होतो. प्लेगनंतर सुरत झाडून-पुसून लख्ख झालेली, रस्ते मोकळे, त्यामुळे सबबही उरली नव्हती. शेवटी एका सकाळी मी कॅनॉलच्या रस्त्यावर उतरलो, तर समोर धोतर गुडघ्यावर खोचलेला, पायात कॅनव्हासचे बूट घातलेला पन्नाशीतला एक माणूस रस्त्यावर सुतळी अंथरत होता. कारखान्यातल्या लोखंडी मीटरनं मोजून घेतलेली बरोबर शंभर मीटरची सुतळी. ती संपली की तो जवळच्या खांबावर गेरूनं रेघ मारायचा, सुतळी गुंडाळायचा आणि पुन्हा अंथरायचा.

"गुरुजी, नुसतं उभं काय राहता? ते टोक धरा," आप्पा म्हणाले. मी टोक धरलं. ते पुढची तीन वर्षं सुटलं नाही.

आम्ही चौघं होतो. आप्पा, मी, लूमवर बारा-बारा तास उभा राहणारा तिशीतला भिकन, आणि किराणा दुकानवाले हसमुखभाई. हसमुखभाईंना डायबिटीस होता आणि तो त्यांना मान्य नव्हता. आठवडाभर ज्याला जमेल तसं धावायचं आणि रविवारी सकाळी हसमुखभाईंच्या दुकानाच्या ओटल्यावर रिपोर्ट द्यायचा, असा आप्पांचा नियम होता. रिपोर्ट देताना मध्ये गरम लोचोची, म्हणजे वाफवलेल्या मऊ सुरती फरसाणाची, प्लेट असायची. आठवडाभरात जे काही कमावलं असेल ते त्या प्लेटमध्ये पुन्हा वसूल व्हायचं, पण त्याबद्दल कोणी बोलायचं नाही, हाही एक नियमच होता.

"बोला हसमुखभाई."

"वीस ताका. पण आप्पा, मने तो बेउ घूंटण दुखे छे."

"दोन्ही गुडघे? दोन डाग." आप्पा खिशातून दोऱ्याची रीळ काढत आणि हसमुखभाईंच्या मनगटाला दोन लाल दोरे बांधत. हा त्यांचा शोध होता. ज्याच्या हाताला दोरा त्याला त्या आठवड्यात कोणी पळवायचं नाही, सगळ्यांनी त्याच्या चालीनं जायचं, आणि दुखणं गेलं की दोरा आप्पाच सोडणार. दुखण्याचं वर्णनही आप्पांच्याच भाषेत चाले. भिकनच्या पोटरीत गोळा आला की "तार तुटली", माझ्या कमरेत उसण भरली की "गाठ आली".

नुसताच कंटाळा केला तर पिवळा दोरा. माझ्या हाताला पिवळे दोरे इतके असत की शाळेतल्या मुख्याध्यापकांनी एकदा मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "सर, कुठल्या देवाचा नवस आहे?" मी म्हटलं, "लोटनबाबांचा." त्यांनी भक्तिभावानं मान डोलावली.

सगळ्यांचे रिपोर्ट झाले की भिकन विचारायचा, "आणि तुमना, आप्पा?"

आप्पा ताठ बसत आणि छातीवर थाप मारून म्हणत, "मना माल फ्रेश शे."

प्रत्येक रविवारी हेच. तीन वर्षांत ताप नाही, खोकला नाही, पायात साधा काटा नाही. निदान रिपोर्टमध्ये तरी नाही.

आता पलसाण्याची गोष्ट सांगायला हवी, कारण आप्पांचं सगळं धावणं त्या दिशेनं होतं.

आप्पांना एकच मुलगी, सुनंदा. ती पलसाण्याला दिली होती. जावई सुनील तिथल्या एका डाइंगच्या कारखान्यात कापड रंगवायचा. मुलगा कष्टाळू, हात कोपरापर्यंत कायम कुठल्या तरी रंगात. आमच्या खानदेशी माणसांना दिवाळीहून आखाजी मोठी. अक्षय्यतृतीयेला लेक माहेरी आली पाहिजे, झोक्यावर बसली पाहिजे, पुरणपोळीसोबत आमरस खाल्ला पाहिजे. आणि लेक आपली आपण येत नाही, तिला न्यायला मुराळी जावा लागतो. सुनंदाला भाऊ नाही. म्हणून पहिल्या आखाजीला आप्पा स्वतः मुराळी होऊन, नवी टोपी घालून, बसनं पलसाण्याला गेले.

तिथं जावयानं मोठ्या हौसेनं एक साडी पुढं ठेवली. सुनंदासाठी त्यानं स्वतःच्या हातानं रंगवलेली, हिरवी. व्याही, विहीण, शेजारपाजारचे सगळे बघत होते. दुसऱ्या कुठल्याही सासऱ्यानं "छान आहे" म्हटलं असतं आणि चहा घेतला असता. आप्पांनी साडी उलगडली, दाराशी नेऊन उजेडात धरली, किनारीवरून बोट फिरवत फिरवत पदरापर्यंत आले आणि म्हणाले, "इथं शेड बदलली." आणि सवयीनं खिशातून रीळ काढून त्या जागी लाल दोरा बांधून मोकळे झाले.

जावयाचं तोंड उतरलं. व्याही बोलला, आप्पा बोलले, विहीण तर सगळ्यांत जास्त बोलली. शेवटी आप्पा टोपी उचलून अंगणात आले आणि सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आजपासून मी गाडीमा बठीसन पलसाणाले येवाव नई!"

सुनंदाही त्यांचीच मुलगी. ती म्हणाली, "आप्पा न्यायला येतील तेव्हाच मी माहेरी येईन."

पुढच्या आखाजीला झोका बांधलाच नाही. लक्ष्मीकाकू, म्हणजे आप्पांची बायको, पुरण शिजवताना रडल्या आणि त्यांनी धुराचं निमित्त सांगितलं. गॅसच्या शेगडीला कसला धूर? पण आप्पांनीही मान्य केलं, म्हणाले, "हो, धूर फार आहे." आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ते सुतळी घेऊन रस्त्यावर उतरले. मी भेटलो तो त्याच दिवशी.

हे सगळं काकूंनी मला सांगितलं. आप्पांनी एका शब्दानंही नाही. ते फक्त एवढंच म्हणत, "बमरोली ते पलसाणा, दोनशेच्या वर ताके. एका दमात व्हायला पाहिजेत, आखाजीच्या आधी." माणसानं शपथ मोडायची नाही आणि पाळायचीही नाही, यासाठी इतका घाम गाळलेला मी दुसरा कोणी पाहिला नाही.

पहिल्या वर्षी ते वाटेवरच्या उन गावापर्यंत पोचले. दुसऱ्या वर्षी त्यापुढच्या सचिन गावापर्यंत, आणि तिथं उलटी झाली. रिपोर्टमध्ये त्यांनी ती सकाळच्या चहावर ढकलली. तिसऱ्या वर्षी मात्र तयारी जोरात होती. फाल्गुनात दीडशे ताके झाले. आणि आखाजीला तीन आठवडे उरले असताना मला दिसलं की आप्पा उजवा पाय जपून टाकताहेत.

"आप्पा, पाय?"

"फ्रेश शे."

काकूंनी वेगळंच सांगितलं. "गुरुजी, दुपारी दार लावून घेतात. विटेचा तुकडा तव्यावर तापवतात, फडक्यात गुंडाळून घोट्याला शेक देतात. मी विचारलं तर म्हणतात, वीट ओली झाली होती, वाळवतोय."

त्या रविवारी आम्ही तिघांनी ओटल्यावर आप्पांना घेरलं. मी म्हटलं, बसनं जा. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी लोचो खाली ठेवला. हसमुखभाई म्हणाले, "बस नहीं तो स्कूटर पर बेसी जाओ ने! हुं मूकी जाऊं." आप्पा म्हणाले, "तुम्ही नेऊन सोडलं तरी चाक फिरलं म्हणजे गाडी." भिकन उठून आप्पांजवळ गेला. त्यानं आप्पांच्या खिशातली रीळ काढली आणि लाल दोरा तोडून पुढं धरला. आप्पांनी हात मागं घेतला.

"मला दोरा बांधाल तर तुम्ही मला पळू देणार नाही," ते म्हणाले. "नियम मीच केलाय."

या एवढ्या एका वाक्यात ते पहिल्यांदा खरं बोलले. भिकननं तोडलेला दोरा आपल्या खिशात टाकला.

आखाजीच्या आधीचा रविवार. उजाडता उजाडता आम्ही निघालो. पुढं आप्पा आणि भिकन, मागं मी, माझ्या मागं हसमुखभाई. उनला माझा माल संपला. हसमुखभाई तर त्याआधी भेस्तानलाच एका रिक्षात बसले होते, डझनभर केळी घेऊन. मीही लाजबीज न धरता त्याच रिक्षात शिरलो, आणि पुढचा सगळा रस्ता आम्ही आप्पांच्या मागं मागं, केळी खात, त्यांना धीर देत गेलो. "शाबास आप्पा! बस, थोडंच!" असं तोंडात केळं असताना ओरडणं किती सोपं असतं.

सचिन गेलं. हायवेला ट्रक घोंगावत जात होते. रंगाचा आंबूस वास नाकात शिरला, पलसाणा आलं होतं. आप्पा आता धावत नव्हते, लंगडत होते, पण थांबत नव्हते. शेवटचे वीस ताके भिकननं त्यांच्या लंगडण्याच्या चालीनं काढले. मनगटाला दोरा नसतानाही त्यानं नियम पाळला. मला त्या क्षणी भिकनचा फार अभिमान वाटला, आणि हातातल्या केळ्याची थोडी लाज.

चाळीच्या अंगणात सुनील नळावर हात धूत होता. आज हात जांभळे. आप्पांना बघून तो तसाच उभा राहिला, नळ वाहत राहिला. मग सुनंदा बाहेर आली. तिनं बापाचं तोंड पाहिलं नाही, आधी पाय पाहिले.

"कोनता पाय दुखस, आप्पा?"

"मना माल फ्रेश शे," आप्पा म्हणाले. "आणि गाडीमा बठीसन येल नई मी. पयत येल शे."

आणि एवढं बोलून त्यांची नजर गेली ती थेट वाळत घातलेल्या कपड्यांवर. दोरीवर ती हिरवी साडी होती. आखाजीला नेसायची म्हणून धुतलेली. कोणी नेवो न नेवो, दरवर्षी आखाजीच्या आधी सुनंदा ती धुऊन ठेवत होती, हे मागाहून कळलं. पदराजवळ किनारीला दोरा तसाच होता. चार वर्षं धुऊन धुऊन लालाचा गुलाबी झालेला.

आप्पा लंगडत साडीपाशी गेले. त्यांनी पदर हातात घेतला आणि उन्हात धरला. सुनीलनं नळ बंद केला. आता पुन्हा तेच नको म्हणून हसमुखभाई पुटपुटले, "हे भगवान, फरी पाछुं नहीं." आप्पांनी डोळे बारीक करून बराच वेळ पाहिलं. मी त्यांच्या मागंच उभा होतो. खरं सांगायचं तर शेड तिथं थोडी बदललेली होती. माझ्यासारख्या शाळामास्तरालाही दिसत होती.

आप्पांनी दातांनी गाठ सोडवली आणि दोरा काढला.

"मालमा दोष नई," ते जावयाकडे न बघता म्हणाले. "त्या दिन उजेड कमी व्हता."

वीस वर्षांतला पहिला फिरवलेला निकाल. सुनील पुढं आला आणि ओल्या जांभळ्या हातांनीच पाया पडला. आप्पांच्या कॅनव्हासच्या बुटांवर ते डाग शेवटपर्यंत राहिले.

सुनंदानं बापाला ओट्यावर बसवलं, बूट काढला. घोटा टम्म सुजलेला. तिनं आप्पांच्या मुठीतला तो गुलाबी दोरा घेतला आणि त्यांच्या मनगटाला बांधला. आप्पांनी हात मागं घेतला नाही. ते दुसरीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "इथं धूर फार शे."

परत येताना सगळे बसनं आलो. सुनंदा खिडकीशी, आप्पा तिच्या शेजारी. मी शपथेची आठवण करून दिली तर म्हणाले, "गुरुजी, यायची शपथ होती. जायची नव्हती."

आखाजी झाली, झोका बांधला, आमरस झाला. त्यानंतरच्या रविवारी ओटल्यावर रिपोर्ट सुरू झाला. सगळ्यांचं झाल्यावर भिकननं विचारलं, "आणि तुमना, आप्पा?"

आप्पांनी पाय लांब केला, छातीवर थाप मारली नाही. "ताके शून्य," ते म्हणाले. "डाग एक."

महिन्याभरात पाय बरा झाला. आप्पा पुन्हा पळायला लागले, माझ्या हाताला पिवळे दोरे बांधायला लागले. नियमाप्रमाणे त्यांचा दोरा सुटायला हवा होता. मी दोन-तीनदा आठवण करून दिली. पावसाळा गेला, दिवाळी गेली, गुलाबीचा पांढरा झाला, तरी तो मनगटावर होताच.

"आप्पा, आता तरी सोडा."

आप्पांनी मनगट उजेडात धरलं, डोळे बारीक करून पाहिलं आणि बाही खाली ओढली.

"चेकिंग बाकी शे," ते म्हणाले.