दोनदा ‘नको’

सकाळचे दहा वाजून गेले, तरी वियातीच्या आईच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. साखरेच्या आजाराची गोळी उपाशीपोटी द्यायची नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. मागच्याच महिन्यात आई न खाता गोळी घेऊन न्हाणीघरात चक्कर येऊन पडली होती.

आईला हल्ली वाटे, आपण कुणाकडे तरी पाहुणी म्हणून आलो आहोत. आणि त्यांच्या सोलो गावातली रीतीची बाई परक्या घरी दोनदा ‘नको’ म्हटल्याशिवाय ताटाला हात लावत नाही.

“घ्या ना, नारळाच्या दुधातला भात आहे,” वियाती म्हणाली.

“नको बाई, आत्ताच जेवून आले.”

“थोडासा तरी!”

“खरंच नको हो. कशाला त्रास!”

आता तिसऱ्यांदा म्हटलं की काम फत्ते! तेवढ्यात खिडकीबाहेर कोंबडी ओरडली आणि आई तिकडे बघत बसली.

“घ्या आता, बाई!”

“अगंबाई, भात कशाला केलात? आत्ताच जेवून आले.”

असं नऊ वेळा झालं. दहाव्यांदा वियातीचं डोकं फिरलं. “अगं आई, हे तुझंच घर आहे! गीळ मुकाट्यानं!”

आई शाल सावरत उठली. “माझ्या घरी या कधी. पाहुणचार कशाला म्हणतात ते दाखवते!”

वियातीने तिचा शब्द उचलला. मागच्या दाराने बाहेर पडून ती पुढच्या दारात उभी राहिली. “आहे का कुणी घरात?”

“या, या!” आईचा चेहरा फुलला. भाताचं ताट वियातीसमोर आलं. तिने रीतसर दोनदा ‘नको’ म्हटलं आणि जेवू लागली. “तुम्हीपण बसा ना माझ्याबरोबर.”

“छे! माझी मुलगी आल्याशिवाय मी नाही जेवत. तुम्ही घ्या.” आणि आई वाढतच राहिली. वियातीला रडू येत होतं आणि भात गळ्याशी आला होता.

कशीबशी सुटका करून घेऊन ती मागच्या दाराने पुन्हा आत शिरली. “आई, आले गं!”

“वाती! होतीस कुठं इतका वेळ?”

चार महिन्यांनी तिने आईच्या तोंडून आपलं नाव ऐकलं. डोळे पुसायलाही सवड नव्हती, कारण आई तिला स्वयंपाकघरात ओढत होती. “एक बाई आली होती. अर्धं पातेलं फस्त केलं मेलीनं! परत यायच्या आत खाऊन घेऊ.”

आईने ताट चाटूनपुसून संपवलं, वर गोळीही घेतली. “इतकी हावरट बाई मी जन्मात पाहिली नाही.”

“फारच हावरट,” वियाती ढेकर दाबत म्हणाली.

“येऊ दे पुन्हा, दारातूनच हाकलते. चेहरा पक्का लक्षात ठेवलाय मी!”