दाऊदमामू आणि बिनछपराची देवळं

दाऊदमामू कोणाच्याही घरात शिरला की सलाम करायच्या आधी वर बघायचा. घरातली माणसं त्याला नंतर दिसायची. आधी छप्पर. मग जिभेने 'च्च' करायचा आणि ठरलेलं वाक्य टाकायचा, "गळणार. लिहून घे, गळणार."

रत्नागिरीत हे शोभलं असतं. पण आम्ही राहत होतो साठीच्या दशकातल्या दुबईत, देरा भागात, खजुराच्या झावळ्यांच्या बरस्तीत, म्हणजे झोपडीत. तिथे पाऊस यायचा तो चुकून वाट विसरलेल्या पाहुण्यासारखा. आमचा अरब घरमालक पोट धरून हसायचा. मामूवर परिणाम शून्य. शुक्रवारी आम्ही शारजाला रोल्लाच्या वडाखाली जाऊन बसायचो, तेवढाच काय तो मामू निवांत, कारण तिथे वर नुसता पाला.

मामू आणि मी, दोघेही एका ग्रीक इंजिनियरचे ड्रायव्हर. निको साहेब त्याचं नाव. मी दापोलीकडचा, मामू रत्नागिरीच्या खाडीवरचा. त्याच्या गावचं दुसरं कोणी दुबईत नव्हतं, त्यामुळे त्याच्या घरचं आम्हाला कळायचं ते त्याच्याच तोंडून. त्याचं अख्खं वर्ष एकाच गोष्टीसाठी चालायचं. मिरग लागायच्या आत गावी पोचायचं आणि घराचे नळे परतायचे. नळे म्हणजे आमच्याकडची ती अर्धगोल कौलं. सगळी उतरवायची, झाडायची, फुटकी बदलायची, पुन्हा बसवायची. आपल्या घराचे नळे दुसऱ्या कोणी परतलेले मामूला चालत नसत.

"जुलेखा पातेली मांडून बसेल रे," तो बायकोबद्दल म्हणायचा. "पडवीत एक, चुलीपाशी एक. मला जायलाच पायजे."

त्या वर्षी नेमक्या त्याच दिवसांत निको साहेबाला लहर आली. सुट्टीला घरी जायचं ते लँडरोव्हर घेऊन! इतक्या लांबच्या पल्ल्याला दोन ड्रायव्हर हवेत. मामू अडून बसला. शेवटी साहेबाने शब्द दिला की अथेन्सच्या बंदरातून मुंबईच्या बोटीत बसवून देतो, मिरगाच्या आत घरी पोचशील. त्या शब्दावर मामू गाडीत बसला.

बसऱ्यापर्यंत गाडी बोटीतून गेली. पुढे बगदाद, मग तुर्कस्तान. मामू गाडी अशी हाणत होता की मागे ठेवलेली भांडीसुद्धा कलमा पढत असावीत. "यल्ला साहेब, यल्ला! बोट छूट जायेगी!"

ग्रीस लागला आणि साहेबाचं डोकं फिरलं. रस्त्याकडेला दोन खांब दिसले की गाडी थांबवा. एका टेकडीवर असंच एक प्राचीन देऊळ होतं. साहेबाने टोपी काढली, त्याचे डोळे भरून आले, तो आपल्या पूर्वजांबद्दल बोलायला लागला. मामू तोवर खांबांना थापट्या मारत एक फेरी घालून आला.

"साहेब, खांबा एकदम मजबूत. लेकिन छप्पर किधर?"

"भूकंप में गिरा, दाऊद. बहुत पुराना बात है."

"पडा तो पडा. फिर डाला क्यों नहीं? इतने साल में एक मिस्त्री नहीं मिला?"

साहेबाने टोपी परत घातली. मी हसत गाडीमागे पळालो.

बोटीला थोडेच दिवस उरले होते, तरी साहेबाला कड्यांवरचे मठ दाखवायचेच होते. आभाळात घुसलेले सरळसोट खडक आणि त्यांच्या टोकांवर घरं! पूर्वी तिथे माणसांना जाळ्यात घालून वर ओढत, असं साहेबाने सांगितलं. मामू भडकला. "माणूस हाय काय मासळी?" आता पायऱ्या होत्या, म्हणून कुरकुरत का होईना चढला.

आम्ही गेलो त्या मठात एक म्हातारा साधू एकटाच उरला होता. त्याच्या खोलीत खाटेच्या उशाशी तांब्याचं भांडं ठेवलेलं. सकाळी पाऊस होऊन गेला होता, वरून अजून थेंब पडत होते. साधू हसत काहीतरी म्हणाला, साहेबाने ते आम्हाला सांगितलं: पाऊस आला की मी खाट सरकवतो, एवढंच.

आता 'च्च' येणार म्हणून मी तयारीत होतो. मामू मात्र थेट दाराकडे वळला. बाहेर गेला, चपला काढल्या, शिडी लावली. थोड्या वेळाने वरून ओरडला, "अरे, हे तर आपलेच नळे हायत!"

अंधार पडेपर्यंत तो उतरला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वर. आता साहेबच खालून हाका मारायला लागला, "दाऊद, यल्ला! शिप!" त्या दिवशी निघालो नाही तर बोट चुकणारच होती. शेवटी मीच तणतणत शिडी चढलो.

"मामू, डोकं फिरलंय काय तुझं? मिरग चुकेल. जुलेखामामी तिकडे एकटी पातेली मांडत बसेल."

तो नळा झटकत राहिला.

"जुलेखा नाय रे आता. मागच्या खेपेला मी पोचलो, तेव्हा माती देऊन झाली होती. घराला कुलूप हाय."

मी एक पायरी वर सरकलो. "मग यंदा धावत कशाला होतास?"

"तिचं घर हाय ते," तो म्हणाला. नळा जागेवर बसवून त्याने दाबून बघितला. "पण इथे खाली कोणतरी झोपतंय रे."

मी खाली उतरलो आणि साहेबाला सांगितलं, आज निघायचं नाही. साहेबाने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि टोपी काढून ठेवली.

दुपारी काम झालं. मामूने साधूची खाट जुन्या जागी ओढायला लावली, त्याला तिच्यावर आडवं व्हायला सांगितलं आणि पाण्याची बादली घेऊन स्वतः वर गेला. आम्ही खाटेपाशी उभे राहिलो. पाणी नळ्यांवरून धो धो वाहिल्याचा आवाज आला आणि त्यामागून मामूची मोठी, घरातली हाक आली.

"जुलेखा, गळतंय काय गो?"

साधू माझ्याकडे बघायला लागला. कोणीतरी जबाब देणं भाग होतं.

"नाय मामू," मी ओरडलो, "थेंबसुद्धा नाय."