थंड्याचा नकाशा

चामोर्शीची बोली माझ्याइतकी कोणालाच येत नाही. हे मी छातीठोकपणे लिहितो. ज्याला पटत नसेल त्याने पुढे वाचू नये!

सातवीत शाळेने मला सोडलं, पण मी लिहिणं सोडलं नाही. माझे अकरा लेख पुण्या-मुंबईच्या संपादकांनी लाल शाईत 'भाषा अशुद्ध' एवढाच शेरा मारून परत पाठवले. स्वतःच्या घरात कोण कसं बोलतं हे ज्यांना ठाऊक नाही, ते माझी भाषा तपासतात!

तर यंदाच्या मे महिन्यात पुण्याहून एक मॅडम आल्या. बाटलीतल्या गोड, फसफसत्या पाण्याला कोणत्या गावात काय म्हणतात, याचा नकाशा त्या बनवत होत्या. पुण्यातली बाकी कामं संपली असावीत. प्रत्येक गावाचा एक शब्द छापणार आणि खाली सांगणाऱ्याचं नाव. मी तेव्हाच ठरवलं, चामोर्शीखाली 'गुलाब भोयर' छापून आलंच पाहिजे. शब्द काय, उघड आहे: थंडा. बाटली काळी असो की नारंगी, आम्ही जन्मभर थंडाच म्हणत आलो.

पण मॅडमची शिस्त कडक. त्या पाण्याचं नाव त्याही घेणार नाहीत, मीही घ्यायचं नाही. फक्त बाटलीचा फोटो दाखवून विचारायचं. आधी मी त्यांना पाच घरं फिरवायची, मग माझी पाळी.

पहिलं घर डोमाभाऊचं. तो तलावावरून येऊन जाळं वाळत घालत होता. त्याने फोटो पाहिला, मॅडमचा घाम पाहिला, जाळं तिथंच टाकलं आणि निघून गेला. पाच मिनिटांत कय्यूमभाईच्या दुकानातून तीच बाटली घेऊन हजर! आमच्याकडे पाहुण्याने खाण्यापिण्याच्या वस्तूचं चित्र जरी दाखवलं तरी ती मागितली असंच धरतात.

"पण याला तुम्ही म्हणता काय?" मॅडमनी विचारलं.

"आधी पिऊन तं घ्या बाई," डोमाभाऊ म्हणाला. "लाजून काऊन राह्यल्या?"

मॅडम प्यायल्या. शेजारच्या सोनीबाईकडेही तेच. तिथे मॅडमनी हात जोडले, तर सोनीबाईचं तोंड उतरलं. "डोमाच्या घरचं चालते, आमच्या घरचं नाई चालत का?" मॅडम पुन्हा प्यायल्या. तिसऱ्या घरात अर्धी, चौथ्यात डोळे मिटून. पाचव्या घरापर्यंत त्या पाण्याने भरलेल्या पखालीसारख्या डुलत होत्या, आणि वही कोरीच! पाच घरांतून एक माणूस नाव उच्चारेल तर शपथ. वस्तू हातात दिल्यावर नाव कशाला सांगायचं? मी दात-ओठ खात गप्प उभा.

तेवढ्यात कय्यूमभाई धावत आला. "गुलाबभाऊ, फ्रीज खाली झाला. बाईले गरम बाटली चालन का?"

मॅडम माझ्या घराच्या ओट्यावर बसल्या आणि त्यांनी रेकॉर्डर माझ्यापुढे धरला. त्यावर एक दिवा लागला. लाल! अगदी संपादकांच्या शाईसारखा. अकराही लेख माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले. मी घसा साफ केला.

"यास आम्ही," मी म्हणालो, "शीतपेय असे म्हणतो."

दिवा विझला. "चला, एक तरी शब्द मिळाला," असं ढेकरांच्या अधेमधे म्हणत मॅडमनी बस गाठली. तेवढ्यात माझी बायको प्रेमिला ट्रे घेऊन बाहेर आली.

"गेल्या का बाई? मी तं थंडा आणला होता."

दुसऱ्या दिवशी फोन करून चूक सांगता आली असती. पण मग सांगणारा भरवशाचा नाही म्हणून माझं नावच कापलं असतं. मी फोन केला नाही.

नकाशा छापून आला. चहूकडे थंडा, थंडा, थंडा, आणि मधोमध एकटं चामोर्शी 'शीतपेय' म्हणतं. खाली माझं नाव. मॅडमनी टीपही दिली आहे: 'या गावातील भाषा आश्चर्यकारकरीत्या शुद्ध आहे.'

फ्रेम करून बैठकीत लावलाय. पाहायचा असेल तर घरी या. थंडा पाजतो.