करंट बंदद

लाईट गेली की आमच्या गल्लीत लोक मेणबत्ती शोधतात, शेजारचे गोविंदअप्पा चष्मा शोधतात. फोनवरचा नंबर दिसायला हवा ना! चष्मा सापडला की सबस्टेशनला फोन. तिथे ‘हॅलो’बिलो काही नाही. पहिलं वाक्य ठरलेलं, “कामून गेली? सरकार जागं हाय का?”

अप्पांच्या भाषेत सरकार म्हणजे दिल्ली नव्हे आणि बेंगळूरही नव्हे. भालकीच्या सबस्टेशनमधला मल्लण्णा ऑपरेटर, तो सरकार. या सरकारचं तोंड अप्पांनी आजवर पाहिलेलं नाही. फक्त आवाज ओळखीचा.

ओसरीत माझं पिको-फॉलचं दुकान आहे. मशीन विजेवरचं, आणि अप्पांच्या नि माझ्या अंगणात एकच बुटकी भिंत. त्यामुळे तक्रार करायचे कष्ट मी कधी घेतले नाहीत. अख्ख्या गल्लीचं भांडण अप्पा एकट्याने भांडतात आणि लाईट आली की आम्ही सगळे फुकटात उजळतो.

या दोघांची ओळखही भांडणातूनच झाली. अप्पा मूळचे उदगीरकडचे. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरी लागली म्हणून इकडे कानडी मुलखात आले, तेव्हा कानडीचा गंध नव्हता. मल्लण्णा जेवर्गीकडून नवाच बदलून आलेला, त्याला मराठीचा नव्हता. एका संध्याकाळी अप्पांनी फोन लावला. तिकडून उत्तर आलं, “करंट बंदद.”

“बंद हाय ते मलाबी दिसायलंय,” अप्पा म्हणाले. “येणार कदी ते सांग.”

“बंदद, अप्पा, बंदद.”

अप्पांचा पारा चढत गेला. तो माणूस तोंडावर लाईट बंद म्हणतो, वर त्याला लाजही नाही! शेवटी अप्पांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, फोन हिसकावून घेतला. त्या बसवकल्याणच्या, त्यांना दोन्ही भाषा सारख्याच. दोन शब्द ऐकले आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. “अवो, ‘बंदद’ म्हंजे आली. लाईट कवाच आलीया. आपलाच फ्यूज गेलाय.”

ही गोष्ट काकू हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येक बाईला सांगायच्या आणि अप्पा आतून ओरडायचे, “झालं का सांगून?”

पुढे मल्लण्णाला मराठी कळायला लागलं आणि अप्पा कानडी शिकले, पण सगळं मल्लण्णाकडून, म्हणजे सगळं भांडणातलं. अजूनही बाजारात ते कानडीतून वांग्याचा भाव विचारतात तेव्हा माळीण आधी दचकते.

तर अलीकडे वीज कंपनी खासगी करणार अशी हूल उठली आणि मारुतीच्या पाराला विषय मिळाला. पिठाच्या गिरणीवाले संगप्पा खासगीच्या बाजूने. म्हणायचे, पूर्वी फोन मिळायला किती वर्षं थांबावं लागायचं, आता पोरासोरांच्या खिशात आहे, तसंच विजेचं होईल. ऊसवाले विरुद्ध. पंपाला मिळते ती फुकट लाईट कुठली खासगी कंपनी देणार आहे? मी मनातून संगप्पांकडे. ऐन लग्नसराईत साडी मशीनखाली नि लाईट गायब, हे माझं मलाच माहीत.

अप्पांचं मत कुणी विचारलंही नाही. सरकारला जन्मभर फाडून खाणारा माणूस, दुसरं काय म्हणणार? पण अप्पा उठून म्हणाले, “ऱ्हाऊ द्या सरकारचीच.”

संगप्पा म्हणाले, “आँ? तुमी म्हणायलाव हे? कामून?”

“परवा माजा मोबाईल बंद पडला,” अप्पांनी सुरुवात केली. “दुसऱ्याच्या फोनवरून कंपनीला लावलो. बाई म्हनली, मराठीसाठी तीन दाबा. दाबलो. म्हनली, तुमचा कॉल आमच्यासाठी लई महत्त्वाचा हाय. मी म्हनलो, मंग बोल की माय. तर गाणं लावली अन् गेली. तिच्यासंगं भांडावं तरी कसं?”

सगळे पोट धरून हसले. संगप्पांनी विचारलं, “अप्पा, तुमाला लाईट पायजे का भांडण पायजे?”

अप्पा चष्मा काढून धोतराला पुसत बसले.

उत्तर मला चार-आठ दिवसांनी मिळालं. दिवेलागणीची वेळ, मी एका पैठणीला फॉल लावत होते. भिंतीपलीकडून आवाज आला, “कामून गेली? सरकार जागं हाय का?”

मी पेडलवरचा पाय काढला. वर बघितलं. ट्यूबलाईट लख्ख सुरू. अप्पांच्या ओसरीतला बल्बही सुरू. मला वाटलं, म्हातारा चळला की काय.

अप्पांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांचा फोन मोठ्यानेच बोलतो. मल्लण्णाचं उत्तर मला स्वच्छ ऐकू आलं. आमच्या गल्लीत लाईट आहे की नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? पण तो शांतपणे म्हणाला, “होग्यद, अप्पा. बरतद.” गेलीय, येईल. आणि मग, “ऊट आयतेन्री?” जेवलात का?

“व्हय, जेवलो. कढी-भाकरी. तुजं?”

मग मल्लण्णाच्या गुडघ्यांचं निघालं, अप्पांच्या खोकल्याचं निघालं, तिकडे जेवर्गीला पाऊस आहे का ते निघालं. लाईटचं नाव कुणी काढलं नाही. काकू गेल्यापासून त्या घरात जेवलात का म्हणून विचारणारं कुणी उरलेलं नाही. हे सरकार विकून कसं चालेल?

फोन ठेवून अप्पा वळले आणि भिंतीवरून मी दिसले. माझी ट्यूबही दिसली असणार. ते जरा ओशाळले. घसा खाकरून म्हणाले, “आली बघ. भांडल्याबिगर येतच न्हाई.”

“बंदद, अप्पा,” मी म्हणाले. “आत्ताच बंदद.”