बाबारावभाऊंचे राजीनामे

आमच्या शेजारच्या बाबारावभाऊंनी दोनदा मंत्रिपदाचा राजीनामा दिलाय, एक अख्खा उन्हाळा तुरुंगात काढलाय आणि शेजारच्या देशाशी करारही केलाय. तसे ते एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. उंद्रीहून चिखली आणि मोताळा, एवढीच त्यांची खरी धाव.

सगळा घोळ एका पुस्तकानं केला. निवृत्तीच्या दिवशी डेपोतल्या मंडळींनी त्यांना शाल, नारळ आणि एक जाडजूड राजकीय आत्मचरित्र दिलं. देशाचा चेहरामोहरा बदलून टाकणाऱ्या, परप्रांतातल्या एका थोर नेत्याचं. भाऊ त्यांना नुसतं ‘साहेब’ म्हणतात. रोज ओट्यावर बसून वाचतात, आणि सांगताना साहेब कुठे संपले आणि ‘आमी’ कुठून सुरू झालं, हे भल्याभल्यांना कळत नाही.

मी या गावात बदलीवर आलेला मास्तर. पहिल्याच आठवड्यात विचारलं, “भाऊ, तब्येत कशी आहे?”

“तब्येतीचं काय सांगू सर, पक्ष फुटून राह्यला. आपल्याच मानसाईनं दगा देला.”

पुढे कितीतरी दिवस मी गावातल्या प्रत्येकाकडे संशयानं बघत होतो. माझ्या बायकोनं नळ कधी येणार म्हणून विचारलं, तर म्हणाले, “धरनाचा ठराव आमी मांडला तवा सारे हासत होते, वहिनी.” ती बिचारी रिकामी घागर घेऊन परत आली. न्हावी सांगतो, जेलचं प्रकरण वाचत होते तोवर भाऊंनी दाढीला हात लावू दिला नाही.

एक प्रसंग मात्र ते फार सावकाश सांगायचे. साहेबांची सभा चालू आहे. घरून निरोप येतो, पत्नीचं काही खरं नाही. “सामने मानसंच मानसं. भाषन मधात सोडून जाता येते काय? पुरं केलं. घरी गेलो तं ती गेलती. जेवाचं ताट मातर झाकून ठेवेल होतं. पुरी, बासुंदी.” एवढं झालं की ते चष्मा पुसत बसायचे.

यंदा साहेबांच्या जयंतीला चिखलीच्या एका कॉलेजात मला भाषणाला बोलावलं. मी हाच प्रसंग पुस्तकातला म्हणून रंगवून सांगितला. सभागृह चिडीचूप. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळ्यांना पदर लावला. मी खुशीत खुर्चीवर टेकतो न टेकतो तोच इतिहासाचे प्राध्यापक उठले.

“सर, या पुस्तकाची मुद्रितं साहेबांच्या पत्नीनंच तपासली. प्रस्तावनेत त्यांचे आभार आहेत. मग त्या वारल्या केव्हा?”

काहीतरी पुटपुटलो आणि आभारप्रदर्शनाच्या आधीच स्टँड गाठला. गावात उतरलो तो तणतणत थेट भाऊंच्या ओट्यावर.

“भाऊ, तो ताटाचा प्रसंग कोणत्या पानावर आहे?”

त्यांनी चष्मा चढवला, पानं मागेपुढे केली, मग पुस्तक मिटून बाजूला ठेवलं.

“त्यात नाई थो,” ते म्हणाले. “मोताळ्याहून गाडी काढेल होती म्या. सामनून येनाऱ्या डायवरनं गाडी थांबवून घरचा निरोप सांगतला. पन प्यासिंजर भरेल होते, सर. मधात कोनाच्या भरवशावर सोडू?”

माझा राग कुठल्या कुठे गेला. इतके दिवस या माणसाला हसत होतो, याचं वाईट वाटलं.

“मग साहेबांच्या नावावर काऊन सांगता?” माझ्याही तोंडून त्यांचीच बोली निघाली.

“डायवरच्या बायकोचं कोन आयकते? साहेबाचं म्हनलं का लोक चूप बसते.” मग त्यांनी विचारलं, “तिथं आयकलं काय लोकाईनं?”

“ऐकलं. एक बाई रडल्या.”

त्यांचा चेहरा उजळला. “पुना सांगा बरं. तिथं सांगतलं तसंच.”

मी ओट्यावर उभा राहिलो. साहेब गाळले, सभा गाळली, मोताळ्याची गाडी घातली. भाऊ डोळे मिटून ऐकत होते. ताटापाशी आलो, सवयीनं पुरी-बासुंदी म्हणालो, तसा त्यांनी हात वर केला.

“पुरी नोका म्हनू, सर. भरीत अन् भाकर होती.” मग हळू आवाजात म्हणाले, “भाकर नरमच होती अजून.”