दगाभाऊंचा कोट

आमच्या अ‍ॅम्ब्युलन्सवरचे दगाभाऊ पांढरा कोट घातला की गुजराती बोलायचे आणि काढला की अहिराणी. एकच बाही घातलेली असताना कुणी काही विचारलं, तर गप्प.

नव्वदच्या दशकातली सुरत. एका ट्रस्टची गाडी मी चालवायचो, मी जालन्याचा. दगाभाऊ मागे पेशंटपाशी. गोडादऱ्यात आमच्या खोल्याही शेजारी. बायको वारल्यापासून घरी ते फक्त स्टोव्हशी बोलायचे. "पेट ना रे भो, पेट! उपाशी मारस का माले?" भिंतीपलीकडे मी हसून लोळायचो.

गुजरातीत त्यांचं लाडकं वाक्य, "मटी जशे." म्हणजे बरं होईल.

एकदा पांडेसऱ्याच्या कापड रंगवायच्या डाइंग मिलमधून एका म्हातारबाबांना उचललं. पाय मोडलेला. दगाभाऊ म्हणाले, "काका, चिंता ना करो, मटी जशे."

बाबा नुकतेच शिरपूरहून आलेले. त्यांनी ऐकलं 'माती', तीही स्वतःची. "मनी माती करतस का रे?" अशी बोंब ठोकून ते सिग्नलला एका पायावर उतरायलाच निघाले!

दगाभाऊंनी झटकन कोट काढला. "नही हो बाबा, बरा व्हई जाशात!" घरची भाषा ऐकताच बाबा त्यांच्या गळ्यात पडून रडायला लागले. मी आरशात पाहिलं, तर दगाभाऊही हुंदके देतायत. पट्टी तशीच हातात.

नंतर नाक पुसून त्यांनी कोट चढवला आणि मला गुजरातीत बजावलं, की घरच्या भाषेत रडू येतं, आणि ड्यूटीवर रडायचं नसतं.

पुढे एका दुपारी बारडोली रस्त्यावर रिकामं स्ट्रेचर आत ढकलताना तेच छाती धरून खाली बसले. मी त्यांना त्यावर निजवलं. "मटी जशे, दगाभाऊ," म्हटलं.

ते कोटाच्या बटणाशी झटत होते. मी कोट काढून घेतला.

"माले भेव वाटस रे," ते म्हणाले आणि लहान पोरासारखे रडले.

मला अहिराणी येत होती ती फक्त स्टोव्हची. तीच ओरडत मी गाडी हाणली. "पेट ना रे भो, पेट!" मागून रडणं ऐकू आलं, मग चक्क हसणं.

दवाखान्यात डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. बाहेर येऊन म्हणाले, "मटी जशे."

कोट माझ्या हातात होता, अंगात नव्हता. मी खुशाल रडलो.