तिकडचा रविवार

अभ्यंकरकाका आमची बेल वाजवत आणि मी दार उघडलं की विमानतळावरच्या अधिकाऱ्यासारख्या घोगऱ्या आवाजात विचारत, "पर्पज ऑफ व्हिजिट?"

दार आमचं, आलेले ते. तरी उत्तर मीच द्यायचं.

"नोकरी शोधणं."

"किती दिवस राहणार?"

"एक वर्ष."

"आवाज कापतोय. पुन्हा."

मला जर्मनीचा व्हिसा मिळाला तेव्हापासून हे सुरू झालं. वर्षभरात नोकरी मिळवायची, नाहीतर परत. आणि मी अशी, की कोलकात्यात आमच्या बेहाला भागातल्या ओळखीच्या दुकानातसुद्धा चुकीचा साबण बदलून मागायचं धाडस होत नाही. सकाळी जाग आली की जाऊच नये असं वाटायचं. घरी कोणाला बोलले नव्हते. काका वरच्या मजल्यावर राहतात, त्यांना कसं कळलं कोण जाणे. ते थेट तयारीलाच लागले.

काका स्वतः परदेशात कधीच गेलेले नाहीत. बँकेच्या बदलीवर कोलकात्यात आले, निवृत्त झाले, काकू गेल्या, तरी इथेच राहिले. पूल ओलांडून हावड्याला जायचं असलं तरी आदल्या दिवशी पिशवी भरून ठेवतात. पण 'तिकडे' काय चालतं याबद्दल त्यांना जराही शंका नसे.

"जिन्यात कोणाशी बोलायचं नाही. तिकडे चालत नाही."

रविवार हा 'तिकडचा दिवस' ठरला. न ठरवता कोणाची बेल वाजवायची नाही. फोन बंद. संध्याकाळी गार पाव, चीज, आणि टेबलावर एकटीनं बसायचं. आईबाबा बिचारे आतल्या खोलीत वरणभात जेवायचे.

पहिल्याच रविवारी जिन्यात शेजारच्या बंगाली काकूंनी, बोसजेठिमांनी, विचारलं, आज काय रांधलंय? मी काकांनी शिकवल्याप्रमाणे मान किंचित हलवली आणि पुढे गेले. दुपारी जेठिमा माशाच्या झोलाचा, म्हणजे रश्शाचा, डबा घेऊन दारात. "की होलो मा, राग कोरेछो?" काय झालं पोरी, रागावलीस का? आईला वाटलं माझं भांडण झालं, जेठिमांना वाटलं त्यांचं काही चुकलं. काकांना सांगितलं तर म्हणाले, "झोल परत कर. तिकडे कोणी आणून देणार नाही."

झोल मी खाल्ला.

काकांच्या काही सूचना मात्र विचित्र होत्या. "उजेड असतानाच दिवा लावून ठेवायचा. अंधार पडल्यावर उठून लावायला फार जड जातं." आणि, "दिवसातून थोडं मोठ्यानं बोलायचं. नाहीतर दुसऱ्या दिवशी आवाज फुटत नाही."

"तुम्हाला कसं माहीत, काका?"

"कळतं."

निघायच्या आधीच्या रविवारी मी पाव समोर घेऊन बसले आणि तो तसाच बाजूला सारला. तिकडे गेल्यावर कोणीच बोललं नाही तर? वर्ष तसंच संपलं तर? मी उठले आणि नियम मोडून वर गेले.

काकांचं दार किलकिलं होतं. बाहेर अजून ऊन होतं, पण आत दिवा लागला होता. टेबलावर एक ताटली, त्यात पावाचे दोन तुकडे. समोर कोणी नव्हतं, आणि काका मोठ्यानं पेपर वाचत होते.

मी बेल वाजवली. ते दचकले.

"ठरवून आलीस?"

"नाही."

"तिकडे चालत नाही," म्हणाले आणि दुसऱ्या खुर्चीवरची रद्दी घाईघाईनं उचलायला लागले. खुर्चीवर धूळ होती, ती त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं पुसली. "पर्पज ऑफ व्हिजिट?"

"भीती वाटते, काका."

त्यांनी पावाचा एक तुकडा माझ्यापुढे ठेवला. दुसरा स्वतः घेतला.

"परत कधी येणार?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न सरावात कधीच नव्हता. आवाज या वेळी त्यांचा कापत होता.

खाली उतरताना मी बोसजेठिमांच्या दाराशी थांबले. आजवर त्यांची बेल मी आपणहून कधी वाजवली नव्हती. आत कुकरची शिट्टी होत होती, मोहरीच्या तेलाचा वास येत होता. बोलायचं वाक्य मनात दोनदा म्हटलं: रविवारी काकांकडेही थोडा झोल पाठवाल का, आणि ते परत करायला लागले तर ऐकू नका.

मग बेल वाजवली.